विसूभाऊंची माती

विसूभाऊ गोगट्यांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला चहा मिळायचा, पण त्याआधी त्याला खड्ड्यात उतरावं लागे. हा खड्डा परसात, विहिरीच्या अलीकडे, चांगला पुरुषभर खोल खणलेला होता आणि उतरायला बांबूची शिडी होती. पाहुणा अंगणात वहाणा काढतो न काढतो तोच भाऊ त्याचा दंड धरत आणि म्हणत, "आधी खड्डा, मग चहा." पाहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आला आहे की कुणाच्या मयताची बातमी घेऊन, याने काही फरक पडत नसे.

मीही उतरलो होतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. रेवदंड्याहून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात मी मराठी शाळेवर मास्तर म्हणून गेलो आणि बिऱ्हाडाला जागा शोधत होतो. भाऊंची पडवी रिकामी होती. खड्ड्यातून वर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "खालून दुसरा थर कुठला?" मी म्हणालो, "मुरूम." उत्तर चूक होतं, पण भाड्याने राहू बघणाऱ्या माणसाच्या तोंडून मुरूम हा शब्द ऐकूनच भाऊ इतके हरखले की त्यांनी किल्ली काढून दिली. पुढे गाव सुटेपर्यंत मी त्याच पडवीत राहिलो.

खड्ड्याच्या भिंतीवर भाऊ छडीने थर दाखवत. सगळ्यात वर बोटभर काळसर, पालापाचोळा कुजलेली माती. तिच्याखाली वीतभर तांबडी, हाताला खरखरीत लागणारी. मग मुरूम. मग कुजका दगड, म्हणजे दिसायला दगडच, पण मुठीत दाबला की भुगा. आणि तळाला कातळ, ज्याच्यावर पहार मारली की ठणठण वाजे.

"माणसं इमारत खालून वर बांधतात," भाऊ म्हणत, "ही वरून खाली बांधत आलेली आहे आणि अजून काम चालू आहे. आधी नुसता कातळ होता. ऊन त्याला तापवतं, पाऊस विझवतो, मग तो तडकतो. फटीत पाणी शिरतं, मूळ शिरतं. दगडाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. किती पिढ्या जात असतील! आणि माती झाली रे झाली की आमचा कोकणातला पाऊस तिला उचलून समुद्रात नेतो. म्हणून ही बोटभर!" शेवटचं वाक्य ते आकाशाकडे बघून, वर कुणीतरी उत्तर द्यायला बसलंय अशा सुरात म्हणत. पाहुणाही मग वर बघे.

एकदा त्यांनी दौऱ्यावर आलेल्या मामलेदारसाहेबांना खाली उतरवलं. साहेब चांगले भरदार होते. उतरताना उतरले, पण चढताना शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या मोडल्या. पट्टेवाला, तलाठी आणि गावचा पाटील मिळून दोर आणेपर्यंत साहेब कातळावर उभे, आणि भाऊ काठावर मांडी घालून त्यांना समजावून सांगतायत की पावसाने चुना धुऊन नेला की मागे लोह उरतं आणि माती तांबडी होते. दुसरा कुणी असता तर शरमेने गाव सोडून गेला असता. भाऊ मात्र पुढे कितीतरी दिवस सांगत होते की एवढं लक्ष देऊन ऐकणारा अधिकारी त्यांना उभ्या नोकरीत भेटला नाही.

त्यांची उभी नोकरी शेतकी खात्यात झाली होती. काम एकच, गावोगाव हिंडायचं आणि शेतकऱ्यांना त्यांची माती किती वाईट आहे ते सांगायचं. सोबत खात्याने छापलेली पत्रकं असत. त्यांचं मराठी असं होतं की वाचून झाल्यावर शेतकऱ्याला आपण काहीतरी गुन्हा केला आहे एवढंच कळावं. भाऊ तो मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवत आणि शेतकरी पत्रकात तंबाखू बांधून नेत. या सगळ्या वर्षांत भाऊंनी स्वतः मुळादेखील पिकवला नव्हता. पेन्शनीत निघाल्यावर ही उणीव भरून काढायची म्हणून त्यांनी गावावरच्या डोंगराचा एक उतार विकत घेतला. त्या उतारावर करवंदीच्या जाळ्या, काळे धोंडे आणि सरडे होते. गुरंदेखील वाट चुकली तरच तिकडे जात. विकणाऱ्याने खरेदीखतावर सही केली आणि त्याच दिवशी तो मुंबईला निघून गेला, भाऊंचं मन बदलेल या भीतीने.

मन बदलणार नव्हतं, कारण भाऊंचा सिद्धांत तयार होता. देशावरची काळीभोर जमीन याच दगडाची झालेली आहे. तोच पृथ्वीच्या पोटातला रस, तोच थिजलेला काळा दगड. तिकडे पाऊस बेताचा म्हणून चुना जागेवर राहिला आणि सपाटीमुळे माती साठली. इकडे पाऊस उदंड आणि जमीन उतरती, म्हणून ती धुपली. "म्हणजे दोष दगडाचा नाही," भाऊ म्हणत, "दोष उताराचा आहे. उतार अडवला की झालं."

भाऊंच्या तोंडी 'झालं' आलं की उमाकाकू हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत. उमाकाकू म्हणजे भाऊंच्या पत्नी. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला अगदी कमी. भाऊंच्या सगळ्या शास्त्रावर त्यांचं एकच उत्तर असे, "असेल." त्या 'असेल'मध्ये मान्यताही नसे आणि वादही नसे, आणि भाऊ त्याने फार अस्वस्थ होत.

माती ओळखायची तर भाऊ चिमूटभर जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि निकाल देत. खाकी अर्धी चड्डी, वर बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या चारही खिशांत मातीच्या पुड्या, असा त्यांचा वेष होता. पुतण्यासाठी मुलगी बघायला अलिबागेकडे गेले तेव्हाही ते असेच गेले. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा भाऊ त्या घराच्या परसात होते. आत आले, पाटावर टेकले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "तुमच्याकडे निचरा नाही. ज्यांच्या मातीला निचरा नाही ती माणसंही मनात धरून बसणारी असतात." बाप बिचारा गार पडला. लग्न झालं ते त्याच घरी, कारण पुतण्याने परस बघितलं नव्हतं, मुलगी बघितली होती. लग्नानंतर भाऊ सुनेशी फार मायेने वागत, पण तिचा कधी रुसवा झालाच तर पुतण्याला बाजूला घेऊन हळूच म्हणत, "निचरा."

आणखी एक गोष्ट आठवते. कातळावर सगळ्यात आधी जे काही उगवतं ते दगडफूल, आणि ते उगवताना दगडालाच हळूहळू खातं, अशी भाऊंची शिकवण होती. "हा माझ्या जमिनीचा पहिला कुळवाडी," असं ते कौतुकाने म्हणत. एके दिवशी उतारावरून आले तर काकूंनी त्यांच्याच कातळावरचं दगडफूल खरवडून आणून सुपात वाळत घातलेलं. भाऊ सुपापुढे उकिडवे बसले आणि कळवळून म्हणाले, "अगं, तू माझा कुळवाडी मसाल्यात घातलास?"

"असेल," काकू म्हणाल्या. "वास मात्र छान सुटलाय."

संध्याकाळी भाऊंनी आमटी तीनदा मागून घेतली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हनुमानजयंतीला देवळापुढच्या मांडवात गाव जमलं होतं, आणि कीर्तनकार काही कारणाने आला नाही. गाव जमलंय आणि बोलणारा नाही, ही संधी भाऊ सोडणं शक्यच नव्हतं. ते उभे राहिले आणि त्यांनी डोंगराची जन्मकथा लावली. कोणे एके काळी पृथ्वी फुटली, तिच्या पोटातला तापलेला रस बाहेर आला आणि घावनासारखा पसरला. ते घावन थिजलं, त्यावर दुसरं पसरलं, त्यावर तिसरं. घावनाला जाळी पडते ना, तशी त्या दगडालाही वाफेने भोकं पडली, आणि पुढे त्या भोकांत पांढरे खडे भरले. आपला डोंगर म्हणजे एकावर एक रचलेली घावनं आहेत.

गावाने हे सगळं मन लावून ऐकलं. मग बायकांतून सोनाबाय नावाची म्हातारी उठली आणि तिने विचारलं, "मंग भाऊ, तवा कुनाचा व्हता?"

मांडव हसायला लागला. भाऊ म्हणाले, "प्रश्न उत्तम आहे," आणि पुढे तासभर बोलले. तवा कुणाचा ते शेवटपर्यंत आलं नाही.

सोनाबायचा मुलगा पोशा म्हात्रे पुढेच बसला होता. त्याची भाताची खाचरं भाऊंच्या उताराच्या बरोबर पायथ्याशी होती. भाऊ येता-जाता त्याला सुनावत, "पोशा, तुझं खाचर म्हणजे माझा डोंगर आहे बरं का. वरून वाहून आलेला." पोशा हसून म्हणे, "असंल भाऊ. पन चिखलनी मीच करतंय." त्या दिवशी मात्र व्याख्यानाने त्याचीही पाठ धरली असावी. तो म्हणाला, "भाऊ, येवडं सगलं तुमाला ठाव हाय, त त्या बरडावर भात करून दाखवा. नाचनी न्हाय, वरी न्हाय. भात."

"दाखवीन!" भाऊ गरजले. "आणि त्या बरडावरचा भात माझ्या घरी शिजेल तेव्हाच मी भाताला हात लावीन. तोवर माझ्या ताटात भात येणार नाही. या मारुतीसमोर सांगतो!"

लोकांना वाटलं होतं, फार तर मिशा उतरवण्याची पैज लागेल. आमच्या बाजूला भात नसेल त्याला जेवण कुणी म्हणत नाही. आजारी माणसालाही पेज लागते. मी बायकांच्या बाजूला बघितलं. उमाकाकू खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या घरी निघाल्या.

शपथ भाऊंनी घेतली, पण भात सुटला तो काकूंचा. नवरा भाकरी चावतोय आणि आपण भात कालवायचा हे त्यांच्या पिढीला जमणारच नव्हतं, आणि हे सभेत गरजणाऱ्या माणसाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या घरात दोन्ही वेळा नाचणीची भाकरी. मी पडवीत माझा भात शिजवायचो आणि वास जाऊ नये म्हणून मधलं दार लोटून घ्यायचो. पण नेमकं त्याच वेळी भाऊंना माझ्याशी बोलायची हुक्की येई. ते उंबऱ्यात उभे राहत, खोल श्वास घेत आणि ओलाव्याविषयी काहीबाही बोलत. माझ्या पातेल्याकडे ते बघत नसत, इतकं बघत नसत की मला जेवणं अवघड होई.

एकदा न राहवून मी वाटीभर भात, वर वरण, असा काकूंपुढे नेला. भाऊ उतारावर गेले होते. म्हटलं, "काकू, कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना, मास्तर," त्या म्हणाल्या आणि वाटीवर ताटली झाकून ती माझ्या हातात परत दिली. मला त्या क्षणी भाऊंचा मनस्वी राग आला. मातीचा कण न कण जपणाऱ्या या गृहस्थाला घरातलं माणूस झिजताना दिसत नव्हतं.

भाऊ मात्र कामाला लागले होते. उतारावरून पावसाळ्यात एक ओहोळ वाहत असे. त्याच्या आडवा त्यांनी गडी लावून धोंड्यांचा बांध रचायला घेतला. धोंडे काढताना एक मोठा गोल धोंडा निघाला, ज्याच्यावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते. भाऊ आनंदाने नाचायचे बाकी राहिले. दगड कोपऱ्यांवरून आधी कुजतो, म्हणून आतला गाभा गोल राहतो, याचा इतका सुबक नमुना त्यांनी जन्मात बघितला नव्हता. पावसाळ्यात परसातला खड्डा पाण्याने भरे, तेव्हा पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी तो धोंडा बांधाच्या मधोमध बसवला, स्वच्छ धुतला, आणि पापुद्रे उठून दिसावेत म्हणून त्याला तेल चोळलं.

डोंगराच्या अंगावर, पाण्याच्या काठाशी, तेल लावलेला काळा गोल धोंडा. पुढच्या सोमवारी त्याला शेंदूर होता.

भाऊ तणतणत गावात आले. हातात फोडलेल्या नारळाचं भकल होतं. "अरे, हा दगड आहे! पृथ्वीच्या पोटातला रस!" ते चावडीवर ओरडले. लोकांनी हात जोडले, कारण पृथ्वीच्या पोटातून आला म्हणजे तो स्वयंभूच ठरला. भाऊंनी शेंदूर धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी दुप्पट लागलेला. त्यातच पोशाची हरवलेली गाय नवस बोलल्यावर संध्याकाळी आपणहून घरी आली आणि देवाचं नाव बांधोबा पडलं. आता तर काही बोलायची सोयच राहिली नाही.

गंमत अशी की याआधी बांधाचे धोंडे रोज कमी होत होते. कुणाला कुंपणाचा गडगा घालायला लागे, कुणाला चूल मांडायला. बांधोबा अवतरल्यापासून एक दगड हलला नाही. हे भाऊंच्या लक्षात आलं तेव्हा शेंदूर धुण्याचं काम मागे पडलं. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "जाऊ द्या हो. दगडाला काही अपाय होत नाही त्याने." पुढे त्या धोंड्याचं तेल संपलंय असं काकूंना सांगताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे. तेव्हा त्यांच्या तोंडून पापुद्र्यांचा उल्लेख झाला नव्हता.

आणि बांधाने काम केलं, हे कबूल करायला हवं. दर पावसाळ्यात वरून तांबडं पाणी येई, बांधाशी थबके, आणि माती खाली बसे. भाऊ त्यात पालापाचोळा आणि शेण घालत. दर दिवाळीला बाही वर करून बांधामागच्या मातीत हात खुपसत. आधी बोटं बुडाली, मग मनगट, मग एका वर्षी कोपरापर्यंत हात गेला. त्या दिवशी ते घरी आले ते कोट तसाच मातीने भरलेला. काकूंपुढे हात धरून उभे राहिले. काकूंनी हात निरखून बघितला आणि म्हणाल्या, "येत्या पावसाला लावा." मातीच्या बाबतीत त्यांच्या तोंडून 'असेल' सोडून काही आल्याचं भाऊंना इतकं नवल वाटलं की त्यांनी मला बोलावून तो हात दाखवला.

पण जी माती वर थांबली ती खाली पोचत नव्हती. पोशा चार माणसं घेऊन आला. "भाऊ, खाचरात गाळ येत न्हाय. तीन सालं बगतंय, भात पिवला पडतो. बांध काढा."

"माझ्या डोंगराची माती माझ्या डोंगरावर राहिली, त्यात तुझं काय गेलं?" भाऊ म्हणाले.

"तीच आमची व्हती ना भाऊ. आज्यापासून ती खालीच येतेय."

"ठीक आहे. मी काढणार नाही. तुम्हाला फोडायचा तर फोडा," भाऊ शांतपणे म्हणाले. ती माणसं उतारावर गेली, शेंदराकडे बघत जरा वेळ उभी राहिली, हात जोडून परत आली. भाऊ ओटीवर बसून हे सगळं बघत होते. एका दगडाने गावाला रोखलं याचं त्यांना इतकं समाधान झालं की त्यात शास्त्र कुठे राहिलं हे विचारायचं मला धाडस झालं नाही. माझ्या मते त्या दिवशी भाऊ फार लहान दिसले.

त्या वर्षी बांधामागे भात लागला. वाफा जेमतेम देवळाच्या गाभाऱ्याएवढा, पण रोपं अशी तरारली की बघायला माणसं डोंगर चढून येत. पोशाही येऊन गेला. काकू रोज वर जाऊन तण काढत. आश्विनात लोंब्या बाहेर पडल्या.

मग परतीचा पाऊस आला. सबंध रात्र कोसळला. सकाळी पोशा धावत ओटीवर आला. "भाऊ, बांधानं पोट काडलंय!"

आम्ही सगळे वर गेलो. बांधामागे पाणी तुडुंब साठलं होतं आणि धोंड्यांची भिंत मधोमध पुढे फुगली होती. भाऊ बांधाच्या पायाशी बसले. धोंड्यांखालून झिरपणारा चिखल त्यांनी हातात घेतला, बोटांत चोळला. त्यांना माती किती कळते हे मी एरवी थट्टेवारी न्यायचो, पण त्या वेळी मी त्यांच्या निकालाची वाट बघत उभा राहिलो.

"खालचा मुरूम सुटलाय," ते म्हणाले. "दुपारच्या आत जाईल."

बांध एकदम फुटला तर सगळे धोंडे पोशाच्या खाचरात जाणार होते. धोंडे पसरलेलं खाचर म्हणजे पुन्हा बरड. पोशाचा नातूही वेचत बसला असता. एका कडेला तोंड पाडलं तर पाणी बेताने गेलं असतं, पण त्यासोबत माती गेली असती आणि मातीसोबत भात. भाऊंनी एक लोंबी तोडून दाणा नखाने दाबला. दूध निघालं. अजून शिजण्यासारखा दाणा भरला नव्हता.

पोशा आणि त्याचे भाऊ पहारी घेऊन उभे होते. पण शेंदराच्या जवळ कुणाचंच पाऊल पडत नव्हतं. "भाऊ, देव तुमी काडलाव," पोशा म्हणाला. "तुमीच हात लावा. आमच्यानं व्हायचं न्हाय."

इरलं घेऊन काकू मागून चढून आल्या होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पोशाच्या हातातली पहार घेतली आणि बांधाच्या कडेचा धोंडा उचकटला.

पाणी आधी हळू आलं, मग तांबडं होऊन आलं. इतक्या पावसाळ्यांची साठलेली माती आमच्या समोरून पोशाच्या खाचरात उतरत होती. भाताचे ठोंब उभेच्या उभे, मुळांशी मातीचा गड्डा धरून, खाली जात होते. मी भाऊंकडे बघत होतो. काहीही समोर आलं की त्यावर बोलणारा हा माणूस पहार टेकवून नुसता खाली बघत होता. दुपारपर्यंत बांधामागे धुऊन निघालेला कातळ उघडा पडला आणि अर्ध्या बांधावर शेंदूर लावलेला धोंडा तसाच बसून होता.

गावाने याचा अर्थ लावला तो असा की बांधोबाने तोंड उघडून पोशाला वाचवलं. त्या महिन्यात देवापुढे नारळांचा खच पडला. भाऊंचं नाव त्या कथेत कुठेच नव्हतं. मला वाटलं, भाऊ चावडीवर जाऊन पुन्हा ओरडतील. ते गेले नाहीत.

पुढच्या वर्षी पोशाच्या खाचरात असा भात आला की लोंब्यांच्या भाराने तो जमिनीला टेकला. दिवाळी झाली आणि एका दुपारी पोशा आणि सोनाबाय नव्या तांदळांनी भरलेली टोपली घेऊन आले. त्याच आठवड्यात माझी बदली झाली होती आणि मी पडवीत सामान बांधत होतो. मी ओटीवर आलो.

पोशा टोपली खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, हं तांदूल तुमचंच. तुमीच सांगत व्हताव ना, माजं खाचर म्हंजी तुमचा डोंगर. मंग यो डोंगरावरचाच भात जाला. आता खावा."

मला पोशाला मिठी मारावीशी वाटली. भाऊंच्याच सिद्धांताने भाऊंची सुटका होत होती. शपथ अब्रूनिशी फिटत होती, चारचौघांच्या देखत, आणि आयुष्यभराचा वादही जिंकला जात होता. नुसतं "हो" म्हणायचं होतं. काकू माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

भाऊंनी मूठभर तांदूळ उचलले आणि तळहातावर पसरून बघितले.

"नाही, पोशा," ते म्हणाले. "माती जिथे थांबली तिथली झाली. हा तुझ्या खाचराचा भात आहे."

पोशाचा चेहरा उतरला. मला पुन्हा तो जुना राग आला, की आता सुद्धा हा माणूस मुद्दा सोडणार नाही. काकू आत वळल्या.

"अगं, टोपली घेऊन जा," भाऊ म्हणाले. "भात टाक."

"आणि शपथ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मोडली," भाऊ म्हणाले.

पोशा आणि सोनाबाय गेल्यावर मी सामान बांधायला परत बसलो. मधलं दार उघडं होतं. थोड्या वेळाने भाताचा वास आला. काकूंनी भाऊंचं पान मांडलं, भात वाढला. भाऊंनी हात लावला नाही. हात लांबवून शेजारी दुसरा पाट ओढला.

"तुमचं होऊ दे आधी," काकू म्हणाल्या.

"बस," भाऊ म्हणाले.

काकूंनी एकदा उघड्या दाराकडे बघितलं आणि मग त्या बसल्या. मी भाऊंना शेवटचं बघितलं ते तेव्हा, पाठमोरे. त्यांचा पहिला घास हातातच होता आणि ते काकूंच्या पानाकडे बघत होते. काकू खाली मान घालून भराभर जेवत होत्या. पानातला भात संपला तेव्हा त्यांनी कुणाकडे न बघता पातेलं पुढे ओढलं आणि आणखी वाढून घेतला.